नातीचा चेहरा काढण्याबाबत

हे मृत्युपत्र लिहून ठेवते मी, फुटबॉल मैदानाच्या धुलाईखोलीत एकतीस वर्षे खेळाडूंचे कपडे धुतलेली बाई. वय बहात्तर, शिक्षण चौथी, तेही परीक्षेआधी सोडलेले. डोके ठिकाणावर आहे. कोणी गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. भीती मात्र वाटते. वकील म्हणाले, "आजी, भीत भीत लिहिलेलं चालतं. दुसऱ्यानं भिववून लिहिलेलं चालत नाही." मग हे चालेल.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना सारख्या हक्काने. मुलगा विचारेल, तिला वेगळा हक्क कशाला? रागावला की "माझं घर, माझं घर" म्हणतो म्हणून. यापुढे त्याने अर्ध्याच घरात ओरडावे.

२. शिवणयंत्र सुनेला. इस्त्री क्लबच्या सेक्रेटरीला. माझ्या निरोपाला त्याने भाषण केले आणि नाव न आठवल्याने "आपल्या धुणाऱ्या आजी" म्हणाला. एकतीस वर्षे त्याच्या कॉलरचा मळ मी काढला. इस्त्री जड आहे, त्याने स्वतः उचलून न्यावी.

३. बाहेरच्या खोलीतली खेळाडूंची नऊ चित्रे नातीला. सगळी मी सांगून काढून घेतलेली, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून. लोक विचारतात, फोटो का नाही लावले? फोटोत चिखल काळा येतो. चिखल काळा नसतो, मला विचारा. पेंटरला मी मैदानाचा चिखल डबीत भरून दिला होता, तेव्हा कुठे रंग जुळला. काय देखणी पोरे आहेत! चहा पिताना एकेकाकडे बघते आणि कप गार होतो.

पण आता भीतीचे. पहिले चित्र उंच सेंटर फॉरवर्डचे. भिंतीवर गेले आणि महिन्यात त्याचा गुडघा गेला. दुसरे कॅप्टनचे, तो जिन्यावरून पडला, हात मोडला. तिसऱ्याची टाच. मोजायचे नाही असे ठरवले होते, तरी मोजले. आठांपैकी आठ.

नवांतला वाचला तो एकच, बचावात फुल बॅकच्या जागेवर खेळणारा. त्याच्या वेळी मी पेंटरला चिठ्ठी पाठवली होती, "फुल बॅक काढा." चित्र आले तर तोंडच नाही.

"अहो, माणूस कुठंय?"

"आजी, चिठ्ठी तुमचीच. फुल बॅक. पाठ पुरती आलीय बघा, मानेपासून टाचेपर्यंत."

हसून हसून मला ठसका लागला. पण त्याच्या शर्टाची खांद्यावरची शिवण मी पांढऱ्या दोऱ्याने घातली होती, तीसुद्धा पेंटरने चित्रात रंगवली होती. ठेवून घेतले. सहा वर्षे झाली, त्या पोराला साधे खरचटलेले नाही.

४. माझी नात गोलकीपर आहे, वय एकोणीस. मोठ्या संघात तिची निवड झाली आणि तिने हट्ट धरला, "आता माझं चित्र." मी पेंटरला गुपचूप सांगितले, पाठमोरी काढ. तिने कच्चे चित्र पाहिले आणि घर डोक्यावर घेतले. "आजी, गोलकीपरची पाठ कोणाला दिसते? जाळीला!" तेव्हापासून अकरा दिवस अबोला. डबा उचलते, निघून जाते. ती उडी घेते तेव्हा तिचे अंग जमिनीला टेकेपर्यंत मी श्वास घेत नाही. हे तिला सांगितलेले नाही. आता कळेल.

५. ~~नातीचे समोरून चित्र माझ्या मृत्यूनंतर काढावे.~~

हे कलम खोडले, कारण पुढीलप्रमाणे. वकील ते मोठ्याने वाचत होते. मला सोबत म्हणून आलेली नात दारात उभी होती. अकरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"म्हणजे चित्रासाठी मी तुझ्या मरणाची वाट बघू?"

"मेल्यावर मला भीती वाटणार नाही गं."

"मी पडले तर चित्रामुळे. आणि बॉल अडवला तर?"

"तर तुझ्यामुळे."

"मग पडले तरी माझ्यामुळेच. तेवढं तरी माझं राहू दे."

वकिलांनी पेन खाली ठेवले. मी ते उचलले आणि कलम स्वतःच खोडले.

५ (नवीन). पेंटरने सोमवारी सुरुवात करावी. चित्र समोरून काढावे, दोन्ही डोळे उघडे, हनुवटीवरच्या खुणेसकट. मी शेजारी बसेन. पुढे तिला काही लागले तर चित्राला कोणी बोल लावू नये, मी तर नाहीच. ते उतरवायला मी स्टुलावर चढताना दिसले तर सुनेने स्टूल काढून घ्यावे. ही सूचना मी जिवंत असतानाच लागू आहे.

 

सही, खोडाखोडीसह मान्य: धुलाईखोलीतली आजी

साक्षीदार १: खालच्या दुकानातला चष्मेवाला
साक्षीदार २: वकिलांकडची टायपिस्ट (खोडलेल्या कलमाशेजारी दोघांच्या वेगळ्या सह्या)

स्थळ: वकिलांची खोली, पहिला मजला
दिनांक: चौदा, शनिवार. सोमवारला दोन दिवस आहेत.