पाण्याबाहेर आलेल्या घराचा दाखला

अहमदपूर,
रविवार, २९ जून १९८६

तीर्थस्वरूप आत्याबाई यांस,
भाचा मारोतीचा सविनय जयभीम.

सात महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कारणं लिहून काढली होती, पाच भरली; पण तपासताना असं दिसलं की पाचही कारणं संक्रांतीनंतरची आहेत आणि आळस दिवाळीपासूनचा. तेव्हा कारणं रद्द केली आहेत, माफी कायम ठेवावी. आपले गुडघे कसे आहेत? वसतिगृहाची नोकरी संपली म्हणजे जिनेही संपले, असं समजून आम्ही इकडे निर्धास्त आहोत. पण आपण अजून मुलींचं जेवण बघायला वर जाता असं कानावर आलं. जाऊ नये असं लिहिणार होतो, पण आपण ऐकणार नाही, मग उगाच शाई का घालवा?

इकडे सर्व खुशाल. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. आम्ही परातीत उभं राहून अंघोळ करतो, त्या पाण्याने फरशी पुसतो आणि उरलेलं शेवग्याला घालतो. शेवगा असा माजला आहे की शेजारी विचारतात, गुरुजी, खत कोणतं? (मी खरं सांगितलं. तेव्हापासून त्यांनी शेंगा मागणं सोडलं.)

आता मुख्य हकिकत. आमच्या सुमनला बारावीला तिन्ही विषय मिळून तीनशेपैकी दोनशे एकतीस गुण पडले. डॉक्टरीची आपली राखीव यादी गेल्या वर्षी दोनशे त्रेचाळीसला बंद झाली. मात्र धरणग्रस्तांच्या मुलांसाठी तिथे एक जागा असते, ती दोनशे सव्वीसला गेली होती. म्हणजे तीच पोरगी, तेच गुण, एका यादीत बारा गुणांनी बाहेर आणि दुसरीत पाच गुणांनी आत. पंधरा जुलैच्या आत धरणग्रस्ताचा दाखला जोडला तर डॉक्टरी, नाहीतर बीएस्सी.

मी धरणग्रस्त आहे का, हा प्रश्न मला तिथेच पडला. गाव बुडालं त्या वर्षी मी नांदेडला कॉलेजात होतो आणि माझ्यावर आलेलं मोठं संकट म्हणजे इंग्रजीचा दुसरा पेपर. घरातली भांडी डोक्यावर घेऊन टेकडी चढलात आपण, बाबांच्या बरोबरीने. मी सुटीत आलो तेव्हा गावाच्या जागी पाणी होतं आणि आपण नव्या वस्तीत, पत्र्याखाली, माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. ती खाऊन मी परत गेलो. एवढ्यावर ग्रस्त म्हणवून घ्यावं का? दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सुमनने अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि पेन उघडून दिलं.

अर्जातला सातवा प्रश्न असा होता: मूळ घर सध्या पाण्याखाली आहे काय? आता आपणास ठाऊक आहेच, यंदा धरण पार आटलं. मार्चपासून गाव उघडं पडलंय. लोक जत्रेसारखे बघायला जातात, तळात कोणी टरबुजं लावलीत. तेव्हा मी लिहिलं, "सध्या नाही", आणि कंसात "दुष्काळामुळे". बावीस वर्षं घर पाण्याखाली होतं आणि माझ्यावर लिहायची पाळी आली नेमकी त्या उन्हाळ्यात ते बाहेर आलं, यात माझा दोष नाही. पण अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: घर पाण्याखाली नसल्यास अर्जदारास तेथे राहण्यास अडचण काय, खुलासा व्हावा.

त्यात आपला जिल्हा नवा. चार वर्षांपूर्वी आपण उस्मानाबादचे लातूरचे झालो. माणसं एका रात्रीत झाली, कागदांना वेळ लागतो. बुडालेल्या गावांच्या यादीचा गठ्ठा तिकडून निघाला असं तिकडचे सांगत, अजून उतरून घ्यायचा आहे असं इकडचे सांगत, आणि मी एसटीने मधला रस्ता मोजत होतो. तक्रार मुळीच नाही. दोन्हीकडची माणसं भली. एका कारकुनाने मला डब्यातली अर्धी भाकरी दिली, आणि गठ्ठा शोधताना दुसऱ्याला स्वतःच्या बदलीचा तीन वर्षांपूर्वीचा हुकूम सापडला. त्याने तो वाचला, घडी घातली, पुन्हा होता तिथे ठेवला आणि मला चहा पाजला.

शेवटी हुकूम झाला की जागेवर पंचनामा करावा आणि अर्जदाराने घर दाखवावं. तलाठी गुरुपादप्पा आणि पंच आमच्याबरोबर आले. वाटेत त्यांनी माझा अर्ज वाचला आणि फार मायेने बोलले: "गुरुजी, तुम्ही खरं लिवलंय, चांगलं हाय. पण अर्जात खरं लिवायचं नसतंय, बरोबर लिवायचं असतंय."

गावात पोचलो आणि मला घर सापडेना. आत्याबाई, काय सांगू. भिंती नाहीत, लिंब नाही, सगळीकडे भेगाळलेला गाळ आणि गुडघ्याएवढे दगड. आपली गल्ली तर गावापासून वेगळी, तिकडे दगडही कमी. फक्त जमिनीत पुरलेली उखळं जागच्या जागी, ओळीने, तोंड उघडून बसलेली. गुरुपादप्पा म्हणाले, गुरुजी, कोणत्याबी दगडावर हात ठेवा, मी लिवतो. मला हात ठेवता येईना. ओळीच्या टोकाच्या दोन जागांपैकी एक आपली, हे नक्की. पण दुसरी कोणाची तरी असणारच, आणि त्यांच्याही घरात बारावीची पोर असली तर? ऊन चढत होतं. सुमन माझ्याकडे बघत नव्हती, ती धरणाच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, एक घर दाखवायचंय. स्वतःचं."

तेवढ्यात भामाबाई आल्या. आपल्या शेजारच्या भामाबाई, आता पार वाकल्यात, नव्या वस्तीतून नातसुनेचा हात धरून गाव बघायला आल्या होत्या. मला ओळखलं नाही. मी सरजाबाईंचा भाचा म्हटल्यावर माझं तोंड चाचपलं आणि मला सोडून थेट त्यातल्या पहिल्या उखळापाशी बसल्या. आत हात घातला, तळापर्यंत फिरवला.

"ह्ये न्हाई. ह्ये माझ्या जावंचं."

सरकत दुसऱ्यापाशी गेल्या. पुन्हा हात घातला आणि हसायला लागल्या.

"ह्ये सरजाचं. डावरी व्हती न्हवं ती? बघ, समदं एकाच अंगानं झिजलंय. लई बोलायची तिची चुलती, डाव्या हातानं कांडती म्हून. ही हसायची आन् त्याच हातानं कांडायची."

गुरुपादप्पांनी स्वतः हात घालून खात्री केली, मग पंचांनी एकेक करून केली. पंचनाम्यात आता असं वाक्य आहे: उखळ डाव्या अंगास जास्त झिजलेले असून सदर घरातील बाई डावरी असल्याचे शेजारणीने पंचांसमक्ष सांगितले. सुमनने सर्वांत शेवटी हात घातला आणि बराच वेळ आत ठेवला. (किती वेळ, हे मी डायरीत वेगळं नोंदवलं आहे.)

आई गेल्यावर मला वाढवलंत, हे मी जाणून होतो. पण किती कांडलंत, हे त्या दिवशी कळलं. दगड झिजेपर्यंत माणूस आपल्यासाठी राबतं आणि आपण नांदेडला बसून भाकरी पातळ आली म्हणून चिठ्ठी पाठवतो. ती चिठ्ठी मी पाठवली होती. आपण पुढच्या खेपेला जाड पाठवल्या होत्या. त्याचे आभार मी आज, तेवीस वर्षांनी मानतो आहे. भामाबाईंचे, तलाठ्यांचे, अर्धी भाकरी देणाऱ्या कारकुनाचेही आभार आहेत, पण ते त्यांना समक्ष सांगितले. आपलेच राहिले होते.

भाचेसुनेचा व सुमनचा जयभीम. प्रकृतीस जपावे.

आपला,
मारोती

ता. क. एक बारीकशी बाब राहिली. पंचनामा झाला त्याच आठवड्यात गठ्ठाही सापडला. घर जुळलं, नोंद एक्केचाळीस. फक्त कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचं नाव नाही, आपलं आहे. मोजणीवाले आले त्या दिवशी बाबा बाजाराला गेले होते, अंगठा आपण दिलात. (तो डावाच लागतो, तेव्हा त्या दिवशी तरी कोणी बोललं नसेल.) नियम असा की एका कुटुंबाला दाखला एकच, आणि कुटुंबप्रमुख लिहून देईल त्या एकालाच. एकदा दिला की पुन्हा नाही. कागद सोबत ठेवला आहे. आता आपण सही करता, ती हवी.

ता. क. दुसरा. आपली नात विनीता यंदा बारावीत आहे आणि किनवटात पहिली येते, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी तिलाही हाच दाखला लागेल. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. वरचे आभार म्हणजे मागणीची पेरणी आहे का, असं मी स्वतःला विचारलं. पत्र पुन्हा वाचलं. आभार खरे आहेत. मागणीही खरी आहे. दोन्ही एका पाकिटात घातलं, हे मात्र बरं दिसत नाही.

ता. क. तिसरा. आपल्या भाचेसुनेचं म्हणणं, कागद टपालाने काय पाठवता, सुमनला घेऊन समोर जा; पोरीचं तोंड बघून आत्याबाई नाही म्हणणार नाहीत. त्यावर सुमन म्हणाली, "म्हणूनच जायचं नाही, बाबा." तेव्हा येत नाही. आमचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे, त्यात सही केलेला कागद किंवा 'नाही' एवढा एकच शब्द पुरे. 'नाही' आलं तर बीएस्सीचा फॉर्म आणून ठेवला आहे, आणि विनीताच्या वेळी उखळ दाखवायला मीच जाईन.

डायरीत उद्याच्या पानावर लिहिलं आहे: सकाळी शाळेआधी आत्याबाईंना लिहिलेलं पत्र पेटीत टाकणे.