सहावी हाक

३ सप्टेंबर
पोहोचलो. बस घाटात तीनदा बंद पडली, तरी वैताग आला नाही. खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं आणि खिडकीतून बर्फाचं शिखर दिसतं. बायकोला फोन केला. तुमचा आवाज आज बरा वाटतोय, म्हणाली. खरंच बरं वाटतंय. धाकटा भाऊ गेल्या वर्षी याच दरीत हरवला, म्हणून मी ही नोकरी मागून घेतली, हे साहेबांना सांगितलेलं नाही. "दादा, चल ना," म्हणून तो मागे लागला होता. मी रजा काढली नाही.

५ सप्टेंबर
काम सोपं आहे. कठड्यापाशी उभं राहून पर्यटकांना माहिती सांगायची: दरी किती खोल, समोरच्या उतारावरचं गाव दीडशे वर्षांपूर्वी बर्फाखाली कसं गाडलं गेलं. ते ऐकताना लोक फोटो काढतात. मग त्यांना हाक मारायला लावायची. फलकावर लिहिलंय की इथे हाक पाच वेळा परत येते. मी मोजली. पाचच. एका नव्या नवऱ्याने बायकोचं नाव हाकारलं, तर ती म्हणाली, घरी याच्या तोंडातून शब्द फुटत नाही! शेजारची चहावाली हसता हसता किटली सांडणार होती. ती मला भाऊ म्हणते.

९ सप्टेंबर
शेवटची बस गेल्यावर धाकट्याला हाक मारली. घरातल्या लाडक्या नावाने. पाच वेळा परत आली. मी वळलो, तेव्हा सहावी आली. तिच्यात नाव नव्हतं. "दादा" असं ऐकू आलं. कान वाजले असतील.

१२ सप्टेंबर
चहावालीला सहाव्या हाकेबद्दल विचारलं. तिने हातातला कप विसळून ठेवला. मग सांगितलं. गेल्या वर्षी दोन दिवस खालून कुणीतरी "वाचवा" म्हणून ओरडत होतं. कठड्यावर गर्दी होती. सगळ्यांना वाटलं, कुणी गंमत करतंय. त्यांनीही "वाचवा" म्हणून उलट हाका मारल्या. माझ्या आधीच्या माणसाने तर मोजून दाखवलं, बघा, आज सात वेळा आली. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.
"मीपण ओरडले होते, भाऊ," ती म्हणाली.
मी चहा संपवला. कप परत दिला.

१५ सप्टेंबर
आज गर्दीतही सहावी आली. सगळ्यांनी ऐकली. टाळ्या वाजवल्या. साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं, खाली माणसं उतरवा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हंगाम संपला की बघू, म्हणाले. दुपारी रंगारी आला. फलकावर आता लिहिलंय: हाक सहा वेळा परत येते.

१७ सप्टेंबर
धुकं. पर्यटक नाहीत. मी हाक मारलीच नाही, तरी खालून — "दादा, चल ना."

१८ सप्टेंबर
उतरतोय. चहावालीला सांगितलं, मी ओरडलो तर खरं समज, माणसं बोलाव. ओळखू कशी, म्हणाली. "ताई" अशी हाक मारेन, म्हटलं. तिने मान डोलावली.

१९ किंवा २०
दोर तुटला. कपारीत आहे. डावा पाय हलत नाही. इथे त्याची पिशवी आहे — तो नाही.
धुकं गेलं. वर माणसं दिसतात. "ताई" म्हणून ओरडलो. वरून "ताई, ताई" — वीस-पंचवीस आवाज, हसणारे. त्यात तिचा होता का —

नंतर
घसा बसलाय. तरी ओरडलो. वर नवा माणूस मोजतोय. चार — पाच — सहा —
सातवी वरून नाही आली. इथून. कानाशी, हळू. दादा, ओरडू नकोस, ते नुसतं मोजता—