बाबांपाशी उरलेला शब्द

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेसाठी तू पाठवलेले जुन्या इंग्रजी नाटकांतले शब्द बाबांच्या उशाशी बसून मोठ्याने पाठ करते. त्यांची कूस बदलताना ‘स्वगत’, दूध पाजताना ‘जनांतिक’. जनांतिक म्हणजे रंगमंचावर असून इतर पात्रांना ऐकू न जाणारं बोलणं, हे मला लगेच कळलं. दादासमोर मी दुसरं काय करते?

अर्धांगवायूनंतर बाबांकडे ‘नाही’ एवढाच शब्द उरलाय. चहा हवा तरी ‘नाही’, दुखलं तरी ‘नाही’. काल दादा आला होता. एम.ए.च्या परीक्षेला परगावी जाईन म्हटल्यावर त्याने बाबांनाच विचारलं, ही गेली तर चालेल का. बाबा म्हणाले, ‘नाही’. झालं तर मग, म्हणून दादा सुटल्यासारखा स्टेशनवर गेला. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत आहे. दिवसभर तीच बघते.

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसत राहो.
तुझी चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या दादाला लहानपणापासून हवं तेवढंच ऐकू येतं. आले असते गं, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जिना बंद केलाय. मीही कोंडलेलीच.

पत्रासोबत पाठवलेल्या यादीत ‘फॉन्ड’चा अर्थ चुकवलास. आज प्रेमळ, पण त्या काळी खुळा. तू दोन्ही आहेस. आणि ‘दाऊ’ म्हणजे आपलं ‘तू’, ‘यू’ म्हणजे मानाचं ‘तुम्ही’. कोण कोणाशी बोलताना कधी ‘तू’वर येतं, तिथे नाटक पेटतं.

परीक्षा सोडू नकोस. दादा आला की त्याच्यादेखत तूही बाबांना विचार. प्रश्न मात्र तुझा असू दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि माझ्यावर रुसू नकोस.
मावशी

२१ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दादासमोर बाबांना विचारलं, मी परीक्षा सोडू का. बाबा म्हणाले, ‘नाही’. दादा हसला. म्हणाला, त्यांच्या बोलण्याला आता काय अर्थ आहे! मी म्हटलं, मग तुझ्या वेळच्या ‘नाही’ला तरी कुठे होता? त्याने वहिनीला फोन करून सांगितलं, परीक्षा होईपर्यंत इथेच राहतो. त्याला बाबांची कूस बदलायला शिकवलं.

निघताना बाबांनी माझं मनगट धरलं. ‘नाही, नाही’ म्हणत राहिले. जा म्हणत होते की जाऊ नको, मला कळलं नाही, मावशी. शेवटी त्यांचं एकेक बोट सोडवून मी निघाले.

आज पहिला पेपर झाला. बरा गेला. मनगट अजून दुखतंय.

तुझा आशीर्वाद असाच पाठीशी असू दे.
चिमणी