रिकाम्या खुर्चीवरचे ठिपके

३ जून
आज पाय जमिनीवर नाहीत. विद्यापीठात नोकरी लागली, तीही व्हिडिओ गेमच्या संशोधनात! आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी खेळायलाच गेलीस. काम सोपं आहे. गणित शिकवणारा एक गेम दहा मुलं रोज खेळणार, एकेक करून. मूल खोलीत जिथे बघेल तिथे माझ्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो. मी काचेच्या अलीकडे बसून नोंदी करायच्या. दहांत माझी लेक खारूही आहे. वय सात, गणिताशी उभं वैर, म्हणून मीच संशोधन चालवणाऱ्या सरांकडे शब्द टाकला.

७ जून
सगळ्यांचे गुण दुप्पट झाले, सर भलतेच खूश. एक गंमत मात्र आहे. गणित अडलं की प्रत्येक मूल दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतं, आणि लगेच बरोबर उत्तर देतं. सर म्हणाले, ‘लक्ष विचलित’ असं लिहून टाक. मी लिहिलं.

११ जून
खुर्ची काल बाहेर काढली. ठिपके तिथेच आहेत, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. खारूला विचारलं. म्हणाली, बाई उत्तरं सांगतात. कोणत्या बाई, तर नुसती हसली.

१२ जून
ठिपके वर सरकलेत. बाई उभ्या राहिल्या असाव्यात — हे मी काय लिहितेय!
एका मुलाची आई रडत आली. मुलगा तिच्या हाकेला ओ देत नाही. ती यादीतून त्याचं नाव काढून घेऊन गेली. मला भीती वाटतेय. खारूचंही नाव काढा म्हटलं, तर सर म्हणाले, उद्याचा एक दिवस फक्त. नोकरी नवी. मी हो म्हणाले.

१३ जून, सकाळी अकरा
खारू आत. एकही गणित चुकत नाही. ठिपका दाराजवळून निघालाय. तिच्या टेबलापाशी — तिच्या खांद्याशी —

सव्वाअकरा
उचलून बाहेर आणलं तिला. सुटलो. लिहिलं की जरा धीर येतो. आता घरी.
खारू माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागे बघतेय, जरा वर. दोनदा हाक मारली. ओ नाही.
हसली. माझ्याकडे बोट दाखवून, माझ्या मागे बघत विचारलं, “आई, या कोण आहेत? रडतायत का?”
मी मागे वळून