पाय वर

ती. अक्का,

दंडवत. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच घालतो आहे, उरलेला अर्धा भेटीत.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला थांबला का, की अजून फोन उचलला की आधी खोकतात आणि मग हॅलो म्हणतात? आम्ही इकडे सगळे खुशाल. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मला तोंड लपवायला जागा नाही, आणि घर एवढंसं की लपवायला जावं तिथे कुणीतरी कपड्यांच्या घड्या घालत बसलेलं असतं.

झालं असं की तुझ्या भाचीला छापखान्यातून सुटायची संधी आली. चित्रं हलती करून देणारी एक कंपनी आहे, तिने हिचं काम पाहून परीक्षेला बोलावलं. तीही घरूनच: बुधवारी संध्याकाळी ते चित्र पाठवणार आणि हिने त्यांच्या देखत ते चालतं करून दाखवायचं. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्र चालायच्या आधी कॉम्प्युटरच बसतो. म्हणून पोरीने एकेक भाग पारखून आणला आणि बुधवारी कामावर जाताना मला बजावलं की बाबा, लवकर येऊन मी जोडते, तोवर खोक्यांना हात लावू नका. आता तू मला पाळण्यापासून ओळखतेस. हात लावू नका म्हटलं की माझे हात काय करतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

उभा जन्म खुर्च्या दुरुस्त करण्यात गेला, स्क्रू म्हणजे माझ्या घरचा कारभार. जोडला की! पंखे, पट्ट्या, डिस्प्ले कार्ड, सगळं जागच्या जागी बसवलं (पुस्तिकेत चित्रं होती, काही चित्रं मला उलटी वाटली, पण छापणाऱ्यांच्या चुका होतातच). तेवढ्यात पलीकडचे निवृत्त मास्तर आपली झुलती खुर्ची झाली का ते पाहायला आले. म्हटलं बसा मास्तर, गंमत दाखवतो. बटण दाबलं. पंखे गरगरले, आत निळे-हिरवे दिवे लागले आणि पडदा काळा ठिक्कर. सिग्नल नाही, एवढी पाटी आली आणि तीही जराशाने विझली. तुझी भावजय येऊन समोर उभी राहिली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, पंखा छान झालाय हो. मास्तर हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग जी झटापट सुरू झाली म्हणतेस! मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, मास्तरांच्या खिशातल्या खोडरबराने घासल्या, पुन्हा बसवल्या. तारा काढल्या, फुंकर मारली, लावल्या. मॉनिटरच्या पाठीत एक धपाटासुद्धा घातला (आपल्या शाळेतला मॉनिटर धपाट्याशिवाय तोंड उघडत नसे, त्या अनुभवावर). शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, काका, पडद्याची केबल मागच्या बाजूला वरच्या भोकात लावली असेल. तुमच्या यंत्रात ती भोकं मुकी आहेत, खालच्यांत लावा. पाहतो तर केबल खालीच. तरी खात्री करून घेतली, खालीच ना? तो म्हणाला, खालीच. झालं! मास्तरांच्या देखत मी त्याला असा काही झापला की बिचाऱ्याने फोनच ठेवला.

एवढ्यात पोरगी आली. चपलाही न काढता बघत उभी राहिली. बाबा, अहो हे पाय... एवढंच म्हणाली असेल. मी खेकसलो, खुर्च्या मी दुरुस्त करतो की तू? (खुर्चीचा तिथे काय संबंध होता, ते मला अजून कळलेलं नाही.) तिने चपला काढल्या. परीक्षेची वेळ आली आणि गेली, मी आपला स्क्रू पिळतोय. तिने गॅलरीत जाऊन त्या लोकांना फोनवर सांगितलं, माझ्याकडूनच एक भाग चुकीचा आला, माफ करा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि अक्का, मी मान डोलावली. हो, पोरीचंच चुकलं, अशी. लिहितानाही कान गरम झालेत माझे.

मास्तर गेल्यावर तुझी भावजय फडकं घेऊन आली. हे काय, याला शीर्षासनात का ठेवलंय, म्हणाली आणि तो कॉम्प्युटरचा डबा उचलून सुलटा केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे: काम चालू तर खुर्चीचे पाय वर, पाय खाली आले की काम संपलं, गिऱ्हाईकाने घेऊन जावं. त्या डब्यालाही बुडाशी चार रबरी पाय आहेत. हाताच्या सवयीने मी पाय वर करून जोडायला घेतला, आणि पडदा लागला नाही म्हणजे काम संपलं नाही, म्हणून पाय वरच राहिले. दुकानदाराचं खाली ते माझं वर! केबल दुसरीकडे खोचली मात्र, पडदा लख्ख.

यावर मी काय करावं? ओरडून सांगितलं की केबलच नासकी निघाली, मी दुसरी लावली. केबल तिनेच निवडून आणली होती. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

असो. दाजींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुझा
धाकटा

ता. क. त्या भल्या लोकांनी सोमवारची वेळ देऊ केली आहे, पण ही हो म्हणत नाही. आपली निवडच चुकते, असं तिने मनात घेतलेलं दिसतं. तूच तिला फोन करून सांग की भागांत काही दोष नव्हता. तुला कसं कळलं, ते मात्र सांगू नकोस.

आणखी ता. क. वरचं रद्द. पाकिटाला डिंक मागायला तिच्या खोलीत गेलो आणि तोंडातून सगळं निघूनच गेलं. ती म्हणाली, माहीत आहे बाबा, आल्या आल्या दिसलं होतं. मग ठणकावून का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणाली, मास्तरांसमोर? तुमचं गिऱ्हाईक आहेत ते. अक्का, मी तिथेच रडलो. माझी लाज राखायला पोरीने दोष स्वतःवर घेतला आणि मी मान डोलावत बसलो होतो. मग सोमवारला नाही का म्हणतेस, असं विचारलं. खाली बघत म्हणाली, सोमवारी तुम्ही घरी असाल ना.

शेवटचं ता. क. मी घरी नसेन असं वचन देऊन तिच्याकडून होकार घेतला आहे. तेव्हा सोमवारी मला तुझ्याकडे बोलावून घे. एखादी मोडकी खुर्ची असेल तर काढून ठेव. नसेल तर दाजींना म्हणावं, एखाद्या चांगल्या खुर्चीवर जरा जोरात बसा.