चैतालीचं रक्त दोनदा

नाशिक,
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. कमळवहिनीस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसशील. पण आपल्याकडे फोन आला की दादा तो स्पीकरवर ठेवतो आणि अर्धा पाडा ऐकायला बसतो. हे फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून अंगणवाडीच्या मंगलाबाईंच्या हाती देते आहे.

आमच्या संशोधन केंद्राने सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी शाळेत मुलांचं रक्त घेतलं होतं ना? आपल्या चैताली आणि संजनाच्या नावाच्या दोन्ही बाटल्यांत एकाच मुलीचं रक्त निघालं. सख्ख्या बहिणींचंही इतकं जुळत नाही, असं आमच्या केंद्राच्या मॅडम म्हणाल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवते, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघताहेत. नोकरी जाते की काय, या भीतीने जेवण जात नाही.

रक्त जिचं आहे ती वाहक आहे. म्हणजे तिला त्रास नाही, पण आजार पुढे मुलांना देऊ शकते. त्या दिवशी रांगेत काय झालं, ते आठवून लगेच कळव.

राग माझ्यावर काढ, पण उत्तर पाठव.
तुझी भांडखोर नणंद,
आशा

पाडा, ता. कळवण,
२० नोव्हेंबर

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही, माझी. संजनाला ताप होता. एवढीशी पोर, त्यात अशक्त, तिच्या अंगातलं रक्त काढायचं कसं? म्हणून मी चैतालीलाच दोनदा रांगेत उभं केलं. दुसऱ्यांदा वेण्या सोडल्या, स्वेटर घातला. तिला बिस्किटाचे दोन पुडे मिळाले, ती खूश.

खरं सांगू? ताप हे निमित्त होतं. थंडी पडल्यापासून संजना पाय दुखतात म्हणून रडते. डोळे पिवळे दिसतात. माझा लेक बारकू चार वर्षांचा असताना गेला, तो असाच रडायचा. तेव्हा सगळे कावीळ म्हणाले. मला काही कळायलाच नको होतं गं. तुझ्या दादाला वाटतं, संजनाला काही नाही. तसं ते गावभर सांगत फिरतात, आणि मी भाकरी थापत ऐकते.

तुझ्या मॅडमना माझं नाव सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
कमळ

नाशिक,
२६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
सा. न.

मॅडमना सांगितलं. आधी रागावल्या, मग म्हणाल्या, तुझं आणि दादाचंही रक्त तपासायला हवं, दोघांना इथे बोलव. माझी नोकरी शाबूत आहे, आता तिचं मला काही वाटत नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे. चैताली वाहक आहे, म्हणजे तू किंवा दादा, एक जण तरी वाहक असणारच. दोघंही असाल तर एखाद्या मुलाला प्रत्यक्ष आजार होतो. बारकूला तेच होतं का, हे आता कोण सांगणार? तेव्हा आपल्याला नावसुद्धा माहीत नव्हतं.

संजनाला गार पाण्याने आंघोळ घालू नकोस, पाणी भरपूर पाज. ताप आला तर भगताकडे नाही, थेट दवाखान्यात. आजाराला औषध आहे, वहिनी. दादाला आजच सांग आणि तिला कळवणला ने.

ओरडून लिहिलं असेल तर पोटात घाल.
आशा

पाडा,
७ डिसेंबर

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते बारकूच्या फोटोकडे बघत बसले, मग संजनाला खांद्यावर घेऊन गाडी पकडायला निघाले. या खेपेला तिचंच रक्त दिलं. सिकलसेल निघाला. रोजची गोळी सुरू झाली आहे, पाण्याची बाटली ती आता झोपेतही सोडत नाही. तिने कूस बदलली तरी मी उठून बसते.

मॅडमनी आम्हा दोघांना रक्त द्यायला बोलावलंय ना? सोळा तारखेच्या सोमवारी पहिल्या एसटीने येतो. पोरी बरोबर आहेत.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. मला तिसरा महिना आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, गाडीत सांगेन. आधी माझं रक्त काढायला लाव, संजनासमोर. बाटलीवर चिठ्ठी तू स्वतः चिकटव. आशा, मला फार भीती वाटते. पोटातल्या या जिवाच्या जागी मला दुसरं कोणी उभं करता येणार नाही.

स्टँडवर ये. हात धरायला तू हवीस.
तुझी वहिनी,
कमळ