पिंजाऱ्याच्या ओसरीवरचा गुडघा

उस्ताद, आज पायरी चुकली, गुडघा सुजला, आणि त्यावर बोट दाबून बघताना तुम्ही आठवलात.

पोरवयात खांडबाऱ्याच्या बाजारामागे कुस्तीच्या मातीत उतरलो तेव्हा समोरचा गडी अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला, माझ्याच वयाचा. त्यानं मला दोनदा तोंडघशी पाडलं आणि लोकांकडे बघून हसला. तिसऱ्यांदा त्याचा पाय माझ्या काखेत सापडला. मी पिळला. आतून कटकन आवाज आला, तो किंचाळला, आणि मी पुन्हा पिळला. तुम्ही "सोड रे, सोड!" करत धावत आलात, केस धरून मला ओढलंत आणि बाभळीची काठी मोडेपर्यंत मारलंत. मी तोंडातल्या मातीसकट रडतोय, तो गुडघा धरून लोळतोय, आणि तुम्ही लोकांना सांगताय, "याले मन्हा घर ली चला. याना पाय हाऊच पाही." म्हणजे मीच, ज्यानं मोडला त्यानंच.

नंदुरबारला तुमच्या कापूस पिंजायच्या ओसरीवर त्याची बाज टाकली. पहिले काही दिवस गुडघा कलिंगडाएवढा, कातडी ताणून चकाकणारी, हात ठेवला तर चुलीजवळ ठेवल्यासारखा. पायाला बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या, मी ओल्या फडक्यांच्या घड्या बदलायचो. मला घाई झाली होती. एकदा मी तेल लावून रगडायला गेलो तर तुम्ही मनगटावर फटका दिलात. "हाई सूज दुश्मन नही शे. तिले तिन्हं काम करू दे." मला ते पटलं नव्हतं. पण तसंच झालं. आधी आग गेली. मग चकाकी. काळंनिळं रक्त पिवळं होत पोटरीवरून घोट्यापर्यंत उतरलं. एका सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या बाजूला कातडीला बारीक सुरकुत्या दिसल्या, आणि तुम्ही चाचींना स्वयंपाकघरातून हाक मारून त्या दाखवल्यात. मग चाची तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी बांधून द्यायच्या, मी शेकायचो.

पाय वाकवायची वेळ आली तेव्हा मी टाच धरून थोडी मागे ढकलली. त्यानं हाताशी असलेला पितळी तांब्या माझ्या तोंडावर हाणला. दात पडला, ओठ फाटला, सदरा रक्तानं भरला. मी मूठ उगारली. तुम्ही कापूस पिंजायची धुनकी हातातून खाली ठेवली नाही, नुसतं बघत राहिलात. मी मूठ सोडली, रक्त थुंकलो आणि परत त्याची टाच धरली. त्या दिवसापासून तो मला त्याच्या ताटातली भाकर मोडून देऊ लागला.

दीड-दोन महिन्यांनी तो काठीशिवाय अंगणभर चालला. पाय जरा फेकत, पण चालला. कुस्ती मात्र त्याची संपली होती. तळोद्याकडे जाणाऱ्या बैलगाडीत मी त्याला हात देऊन चढवलं, तेव्हा त्यानं हात सोडला नाही. विचारलं, "दुसरांदा तू जाणीसन, मुद्दाम पिळा का?"

"नही," मी म्हटलं. "मन्हा हात सटकना."

त्यानं मान डोलावली. विश्वास ठेवला त्यानं. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गाडी गेली.

घरी तुम्ही विचारलंत, काय म्हणत होता? मी म्हटलं, काही नाही, आभार मानत होता. तुम्ही खूश झालात, त्या रात्री मला शेजारी बसवून जेवू घातलंत. आज हे कागदावर आलं खरं. पण उस्ताद, तुम्ही जिवंत असता तर मी हा कागद चुलीत घातला असता.